तिसऱ्या खांबापाशी

डॉक्टर : दुसराही बूट काढ. नवरीसारखा पाय काय लपवतोस?

गुणाजी : दुखतो उजवा, डाक्टरसाहेब. डाव्याचं काय बघायचं?

डॉक्टर : ते मी ठरवीन. काढ.

रतन : काढा की वो. घरी अंधारात काढता, हितं तरी उजेडात काढा.

गुणाजी : तू गप. डाक्टरसाहेब, मला योक सुई टोचा. गुरवारपुरती. गुरवारी मोठं साहेब येनार हायेत लाइन बघाया. त्यांच्या म्होरं चावीवाल्यानं चालायचं, टिटवाळ्याच्या अंगाला, चार मैल. तेवढा योक दिस पाय चालता करा. फुडं काय बघायचं ते बघा.

डॉक्टर : चावीवाला म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या त्या चाव्या ठोकत जातो, तो?

गुणाजी : व्हय. रोज. सैल झालेली हातोड्यानं बसवायची. धा वर्सं झाली.

डॉक्टर : आणि हे दुखणं?

गुणाजी : दोन वर्सं.

डॉक्टर : दोन वर्षं! आणि आज सोमवारी येऊन गुरुवारपुरती सुई मागतोस. आधी कुणाला दाखवलंस?

गुणाजी : येकाला दाखवलं. त्यानं वात म्हनून धा सुया टोचल्या. दुसऱ्यानं पाय बघितलाच न्हाई. म्हनला, कामचोरीचं औशिद माझ्याकडं न्हाई. तुमी काय म्हनता ते म्हना, पन लवकर म्हना. सव्वापाचची गाडी गाठायचीय.

डॉक्टर : हा अंगठा काळा कशानं झाला?

रतन : ते माझं पाप हाय, डाक्टर. पाय गार पडतो म्हनून रोज वीट तापवून शेकत हुते. येका रातीला जास्तच तापली. सकाळी बघते तर फोड.

डॉक्टर : वीट? अहो बाई, हा पाय आहे की भाकरी? आणि तू रे, तुला चटका कळला नाही?

गुणाजी : न्हाई कळला.

डॉक्टर : जखम किती दिवसांची?

रतन : दिवाळीपासनं. भरतच न्हाई. हळद झाली, कोरफड झाली.

डॉक्टर : इकडे या. तुमचं बोट द्या. हा डावा पाय, घोट्याच्या मागे, इथं. दाबू नका, नुसतं ठेवा. काय लागतं?

रतन : काय तरी उडतंय. चिमनीच्या काळजावानी.

डॉक्टर : रक्ताचा ठोका आहे तो. आता उजवा. तीच जागा.

रतन : ...न्हाई.

डॉक्टर : पावलाच्या वर बघा. इथं.

रतन : हितंबी न्हाई. गार हाय नुसतं. डाक्टर, हितं काईच न्हाई वो!

गुणाजी : आगं तुला काय कळतंय त्यातलं? तू काय शिकलीस?

डॉक्टर : जेवढं मला कळलं तेवढंच त्यांना कळलं. ठोका नाही. आता नीट उत्तरं दे, उगाच फुगवून सांगू नकोस, लपवूही नकोस. दुखतं कुठं?

गुणाजी : पोटरीत. कुनी मुठीत धरून पिळल्यावानी.

डॉक्टर : बसल्या बसल्या?

गुणाजी : न्हाई. बसलो की मी राजा. चालाया लागलो की लाइनीकडंच्या तारंचे दोन खांब काय न्हाई. तिसऱ्याला पोटरी धरती. तरीबी रेटलं तर पायाचा दगड हुतो.

डॉक्टर : मग काय करतोस?

गुणाजी : हुबं ऱ्हातो.

डॉक्टर : नुसतं उभं राहून जातं, की खाली बसावं लागतं? आठवून सांग. यावर पुष्कळ अवलंबून आहे.

गुणाजी : हुबं ऱ्हायलं तरी जातं. दोन-तीन मिनटं. मग जनू काय झालंच न्हवतं. पुन्ना तीन खांब.

डॉक्टर : कंबरेतून कळ उतरते का?

गुणाजी : कंबर माझी लोखंड हाय.

डॉक्टर : तर मग कंबरेतली शीर दबलेली नाही. त्या माणसाला वाकावं लागतं, बसावं लागतं, नुसतं थांबून भागत नाही. आणि चढावर?

गुणाजी : पुलाकडच्या चढाला दोन खांबांतच धरती.

डॉक्टर : हे तीन खांब कधीपासून?

गुणाजी : आवंदा. गेल्या साली सात हुते.

डॉक्टर : त्याच्या आधी?

गुणाजी : त्याच्या आदी मोजतच न्हवतो.

डॉक्टर : हं. बूट घाल. चल रस्त्यावर.

गुणाजी : आता? आन् सुई?

डॉक्टर : माझ्या पायरीपासून पारनाक्याच्या दिशेनं चालायचं. मी शेजारी आहे. बाई, तुम्हीही चला. बाकड्यावर बसलेत ते बसू देत, त्यांना नुसता ताप आहे. चल. असा नाही, लाइनवर चालतोस तसा. झपझप.

रतन : लोकं बघत्यात, डाक्टर.

डॉक्टर : बघू देत. डॉक्टर पेशंटच्या मागे लागलाय म्हणतील. साठ... सत्तर... बोलू नका, आकडा चुकतो.

गुणाजी : बघा, काय झालंय का? चालतोय न्हवं? उगाच तुमी...

डॉक्टर : एकशे वीस. चाल.

रतन : त्यांच्या कपाळाला घाम आलाय.

गुणाजी : ऊन हाय.

डॉक्टर : एकशे नव्वद. पाऊल आखूड झालं तुझं.

गुणाजी : न्हाई.

डॉक्टर : दोनशे चाळीस. थांबलास का?

गुणाजी : बुटात खडा गेला.

डॉक्टर : खडा बुटात गेला, मग हात खिशात कशाला गेला?

गुणाजी : बिडी. तलफ आली.

डॉक्टर : भर रस्त्यात, डॉक्टर नाडी धरायला शेजारी उभा असताना, बरोबर दोनशे चाळिसाव्या पावलाला तलफ आली?

गुणाजी : तलफंला काय येळ असती?

रतन : सांगा की खरं. न्हाईतर मी सांगते.

गुणाजी : तुला काय ठावं?

रतन : आदी दिसाला सात-आठ बिड्या वढायचे, डाक्टर. आता दोन बंडलं. आन् घरात येक न्हाई. समद्या लाइनीवर.

डॉक्टर : काडी पेटवू नकोस. हात खाली. का ओढतोस तेवढं सांग.

गुणाजी : ...मानूस रस्त्यात नुसता हुबा ऱ्हायला की लोकं इचारत्यात, काय झालं रं? बिडी पेटवली की कुनी इचारत न्हाई. बिडी वढनाऱ्याला हुबं ऱ्हायाचा हक्क हाय. तिसरा खांब आला, पोटरीनं धरलं, की मी काडी काढतो. बिडी संपती तवर पाय मोकळा हुतो. महिपत मुकादम लांबनं बघतो, हसतो. मला नाव ठेवलंय त्यानं, शंटिंगचं इंजान. खांबाखांबाला धूर सोडतंय म्हनून. समदी ग्यांग त्याच नावानं हाका मारती. मारू दे. लंगड्या तर म्हनत न्हाईत.

डॉक्टर : दोन वर्षं हे करतोयस?

गुणाजी : दोन वर्सं. दुखनं असं लपवलंय की बायकूलाबी पत्त्या लागला न्हाई.

रतन : बायकूला लागला. बायकू गप हुती.

डॉक्टर : थांब. माझा संताप होतोय आणि तो तुझ्यावर काढून उपयोग नाही. दुखायचं थांबलं?

गुणाजी : थांबलं. बिडी न वढताबी थांबलं. आज पैल्यांदा कळलं.

डॉक्टर : उभा राहिलास म्हणून थांबलं. बिडीनं कधीच थांबत नव्हतं. आता ऐक. पायात रक्त नेणारी नळी असते. बसल्या पायाला घोटभर रक्त पुरतं. चालत्या पायाला घागरभर लागतं. तुझी नळी आतून सुजून, गोठून चिंचोळी झालीय. ती घोटभरच देते. तीन खांब चाललास की पोटरी उपाशी पडते आणि ओरडते. थांबलास की तेवढ्यावर भागतं. वात नाही, कामचोरी नाही. आणि ही नळी कुणी चोंदवली माहीत आहे?

गुणाजी : कुनी?

डॉक्टर : खिशात आहे तुझ्या.

गुणाजी : बिडीनं? काय तरीच! धूर छातीत जातो, पायात कसा जाईल?

डॉक्टर : धूर छातीत राहतो. त्यातलं विष रक्तात उतरतं, आणि रक्त पायापर्यंत जातं.

गुणाजी : समदी ग्यांग बिडी वढती. महिपत मुकादम साठीला आला, तोंडातली इझू देत न्हाई. हरनावानी पळतो.

डॉक्टर : कुणाला धरते, कुणाला सोडते. का, ते मला ठाऊक नाही. माझ्या पुस्तकातही नाही. तुला धरलंय, एवढं कळतं. दुखतं म्हणून थांबतोस, थांबतोस म्हणून ओढतोस, ओढतोस म्हणून पुढच्या खेपेला आणखी लवकर दुखतं. सात खांबांचे तीन उगाच नाही झाले. चोरावर पांघरूण घातलंस आणि ते पांघरूणही चोरानंच विणलेलं.

रतन : आन् तुमी वढता ती तपकीर? ती कशाची असती?

डॉक्टर : माझी? तो... तो विषय वेगळा आहे, बाई.

रतन : तंबाखूचीच न्हवं? धोतरावर डाग हायेत म्हनून इचारलं. गरिबाची बिडी इख, आन् तुमची तपकीर परसाद?

डॉक्टर : ...डबी उद्यापासून तुम्ही ठेवा माझी. बोला, अजून काय?

गुणाजी : अजून सुई. तुमी दोगं भांडत बसा. माझा गुरवार कोन भरनार? साहेबाच्या म्होरं मला बिडी वढता येनार न्हाई, डाक्टर! ध्येनात येतंय का तुमच्या? तिसऱ्या खांबाला मी काय सांगू? दर खेपंला खडा जातो बुटात? चार मैलांत तीस खडे?

डॉक्टर : अशी सुई माझ्याकडे नाही. असती तरी दिली नसती. दुखणं मारून तुला पुढं रेटलं तर पाय मरेल.

गुणाजी : पाय मरंल! आन् नोकरी मेली तर? आमची खोली रेल्वेची. चावीवाला न्हाई तर खोली न्हाई. दोन पोरी घिऊन कुटं जाऊ? खुर्चीत बसनाऱ्याला सांगाया काय जातंय? साहेब ट्रालीवर बसून येत्यात, त्यांच्या पोटऱ्या कुनी मोजत न्हाई. दर साली आमाला बिगीनं चाला म्हनत्यात. धा वर्सं म्या त्यांच्या गाड्या सांभाळल्या. येक चावी सैल ऱ्हायली न्हाई.

रतन : ऱ्हायली.

गुणाजी : काय म्हनलीस?

रतन : पुलापलीकडची. सांगू का गप बसू?

डॉक्टर : बोला, बाई.

रतन : सा म्हैने हे अंधार पडल्यावर घरी यायचे. आन् गेल्या मंगळवारपासनं दुपारचंच येत्यात. मला वाटलं, असंल कुनीतरी दुसरी. बुधवारी गेले मागनं. बघते तर पुलापाशी आले, हुबे ऱ्हायले, पुलाकडं बघत योक बिडी संपवली आन् माघारी फिरले.

गुणाजी : रतन...

रतन : नदीवरचा पूल तारंच्या पाच खांबांयेवढा लांब हाय, डाक्टर. मदी थांबाया जागा न्हाई. ह्यांची तीन खांबांत पोटरी धरती.

गुणाजी : गेल्या सोमवारी मी पुलावर अडकलो. मदोमद. पाय उचलंना. मागनं गाडीची शिटी. कसा तरी कठड्याला लोंबलो. डब्यातली लोकं हसली, दारू पिलाय म्हनली. त्याच्या दुसऱ्या दिसापासनं मी पूल वलांडला न्हाई.

डॉक्टर : म्हणजे पलीकडच्या चाव्या... अरे, त्या लाइनवरून माणसं जातात! माझी बहीण जाते कसाऱ्याला!

गुणाजी : ठावं हाय मला. रातभर झोप न्हाई. शिटी वाजली की उठून बसतो. ध्यान लावून ऐकतो, गाडी नीट गेली का.

रतन : नीट गेली. मी बघितलं.

गुणाजी : तू काय बघितलंस?

रतन : तुमी माघारी फिरला की मी फुडं जायाची. बुधवार धरून रोज. हातोडा तुमच्याकडं. मग मी नदीतला दगड घेतला. धा वर्सं तुमच्या तोंडनं ऐकतीया, घट चावी खनखनती, सैल असंल ती बद वाजती. दोन बद वाजल्या. दगडानं ठोकल्या. पन मंगळवारी मला ठावं न्हवतं. मंगळवार कोराच गेला.

गुणाजी : तू त्या पुलावरनं गेलीस? येकली? गाडी आली असती तर?

रतन : माझे पाय चांगले हायेत. पळाले असते.

डॉक्टर : ...चला, परत दवाखान्यात चला. सावकाश. जिथं थांबायचं असेल तिथं थांब, मीही थांबतो.

गुणाजी : डाक्टर, चार दिसाची रजा तरी? ताप म्हनून लिवा.

डॉक्टर : खोटं लिहिणार नाही. खरं लिहून देतो. उजव्या पायाची रक्तवाहिनी चोंदली आहे, यास चालण्याचे काम देऊ नये, बसून करायचे काम द्यावे. फाटकावरचं.

गुणाजी : फाटकासाठी म्हातारी मानसं रांगंत हायेत. आन् न्हाई दिलं तर?

डॉक्टर : तर नाही दिलं. मी साहेब नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातही चिठ्ठी देतो. पाठीतली एक शीर कापतात तिथं, नळ्या थोड्या सैल होतात. पण बिडी चालू असेल तर ते पाठीला हात लावणार नाहीत. आणि ओढत राहिलास तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. अशी माणसं मी पाहिलीत. फाटक मिळालं तरी त्यांना ते लावायला उठता येत नाही.

गुणाजी : म्हंजे उद्यापासनं तिसऱ्या खांबाला मी नुसता हुबा ऱ्हायाचं. हात हलवत. समद्यांदेखत.

डॉक्टर : हो.

रतन : लिवा चिठ्ठी. दोन्ही लिवा.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, लाइनीवर. नदीवरचा पूल समोर दिसतो आहे.)

महिपत : आरं ए इंजाना! आज धूर न्हाई? कोळसा संपला का काय?

गुणाजी : संपला न्हाई, मुकादम. टाकला.

महिपत : कुटं टाकला? बायकूनं चुलीत घातला आसंल. ही घे माझी. घे लेका, लाजू नगं. हुबाच हाईस तर वढ.

गुणाजी : बिडीसाठी हुबा न्हाई.

महिपत : मग काय रूळ वाढत्यात का ते बघतोयस? परवा साहेब येनार, आन् ह्यो मधीच खांबाला टेकून हुबा. चल, हल.

गुणाजी : पाय दुखतोय.

महिपत : आँ?

गुणाजी : पाय दुखतोय, मुकादम. दोन वर्सं दुखतोय. म्हनून थांबतोय. बिडीसाठी कंदीच थांबलो न्हाई.

महिपत : चेष्टा करतोस व्हय? दोन वर्सं मी तुला हसतोय...

गुणाजी : हसत हुता म्हनून बरं हुतं. ही डाक्टरची चिठ्ठी. वाचता येत न्हाई तर कुनाकडनं तरी वाचून घ्या. पायाची रगताची नळी चोंदलीया. तीन खांब चालतो, मग थांबावं लागतं.

महिपत : आन् ही मला आज देतोयस? परवा साहेब आल्यावर मी काय करू? तुला खांद्यावर घिऊन फिरू?

गुणाजी : अजून योक हाय. गेल्या मंगळवारपासनं मी पुलापलीकडं गेलो न्हाई.

महिपत : काय?

गुणाजी : पूल पाच खांबांचा हाय.

महिपत : मुडद्या! आठ दिस? आरं, काल रातच्याला मेल गेली त्या रुळावरनं! येकादी निसटली असती तर? तुज्या पायाच्या येका नळीपायी शंभर मानसं... मी तुला ह्या कामाला लावला. माझ्या सबदावर लावला. तोंड काळं केलंस माझं.

गुणाजी : व्हय.

महिपत : व्हय काय! भांड की! कायतरी बोल!

गुणाजी : काय बोलू? खरं हाय ते.

महिपत : ...लई दुखतं?

गुणाजी : आता न्हाई. आता थांबलो न्हवं.

महिपत : मी आपला लांबनं बघायचो. म्हनायचो, मज्जा हाय गड्याची, खांबाखांबाला बिडी.

गुणाजी : तुमाला तसंच दिसावं म्हनून वढायचो.

महिपत : दे तो हातोडा.

गुणाजी : काढून घेता?

महिपत : मग पलीकडं काय तोंडानं ठोकू? दे हिकडं. साहेबाला काय सांगायचं ते मलाबी ठावं न्हाई. फाटकावर घेत्यात का घरी धाडत्यात, त्येंचं त्येंनाच ठावं. आदी पलीकडचं बघून येतो. दे.

गुणाजी : मुकादम.

महिपत : आता काय?

गुणाजी : पुलाच्या पलीकडं, डाव्या रुळाला, पैल्या वळनावर दोन चाव्या दगडानं ठोकल्यात. त्या नीट बसवा.